फाईलवर बसणारी मावशी

समोर आलेल्या बापाच्या हातातली फाईल ती आधी काढून घ्यायची, बाकावर ठेवायची आणि तिच्यावर बसायची. मग विचारायची, "फाईल ऱ्हाऊ दे. पोर कुठं हाय?"

बाप गडबडायचे. आमच्या मीरा-भाईंदरातले बाप फाईलशिवाय कुठेच जात नाहीत. आधार, रेशनकार्ड, पोराची पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं, तबल्याच्या परीक्षेचं सर्टिफिकेट, 'मुलगा सालस आहे' असं चेअरमनचं पत्र. सगळं प्लास्टिकच्या खिशांत, क्रमवार. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो जिन्याखाली एकटाच नखं कुरतडत उभा. बापाने तासाभरात त्याच्याकडे मान वळवून पाहिलेलंही नसायचं.

बाल न्याय मंडळाच्या बाहेरच्या व्हरांड्यात तुम्ही बसला असाल तर हे तुम्हीही पाहिलं असेल. बसला नसाल तर 'आमच्या घरात असलं काही होत नाही' म्हणणाऱ्यांपैकी असाल. ती मंडळीही तिथे भेटतात. फक्त हळू आवाजात बोलतात.

मावशी उत्तनची, भाईंदरच्या बाजारात सुके बोंबील विकणारी. तिचा धाकटा एकदा मारामारीत सापडला होता, त्याच्या तारखांना ती इथे येऊ लागली. केस संपली, मुलगा बोटीवर कामाला लागला, पण हिचं येणं थांबलं नाही. मंडळ बसायचं त्या दिवशी टोपली जावेकडे सोपवून ती बाकावर हजर. नव्या शिपायाने एकदा हटकलं, "मावशी, तुमची केस कुठली?"

"तुला कुठली देऊ, सांग," ती म्हणाली आणि थोडी सरकून बसली.

मी तिथे पत्रकं वाटायला जायचे. पत्रकांवरच वाढलेय मी. बाबा युनियनमधले, आमच्याकडे गरम पातेल्याखालीसुद्धा मागच्या मोर्चाचं पत्रक असायचं. 'पालकांनो, आपले हक्क ओळखा' या मथळ्याखाली मी चौदा मुद्दे लिहिले होते, कलमांसकट. मावशीने मला ते वाचून दाखवायला लावलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "कायदा बराच हाय यात. आत गेल्यावर काय होतं, ते कुठं हाय?"

ते नव्हतं. तिने पत्रकाची घडी घालून वारा घ्यायला सुरुवात केली.

मी चिडले, पण तिच्या शेजारी बसून राहिले. त्यामुळे ती आलेल्या प्रत्येक घराला काय सांगते ते कानावर पडत गेलं.

"आत पिंजरा न्हाय, टेबल हाय. एक मॅजिस्ट्रेट नि दोन मेंबर बसतात. पोलीस साध्या कपड्यात. पोराला आरोपी कोण म्हणत न्हाय, तुम्ही पण म्हणू नका. शाळेचा दाखला आणलाय? त्याच्यावरनं वय बघतात. ते पोराला इचारतील, तेव्हा तुम्ही तोंड घालायचं न्हाय. मग प्रोबेशनची बाई घरी येणार. पोर कुणाबरोबर फिरतं, शाळेत जातं का, घरात कोण काय बोलतं, सगळं बघून लिहिणार. तिच्यासाठी पंखे पुसत बसू नका. ती पंखे बघायला येत न्हाय."

नया नगरमधून आलेली एक आई मुलाला कोपऱ्यात नेऊन रडायची तालीम देत होती. कुणा ओळखीच्या वकिलाने तसं सांगितलं होतं. मावशी बाकावरूनच म्हणाली, "बहन, रोना आया तो रोएगा. सिखाया हुआ रोना वो लोग रोज देखते हैं."

"तो क्या बोले ये?"

"जो किया वो उसको मालूम है ना? वकील फुकट मिलता है इधर, अंदर बोलो. पहले उससे बात करने दो. तुम पानी पियो."

व्हरांड्यात घुटमळणारा एक काळा कोट तिच्याकडे खाऊ की गिळू असा बघत राहिला. फुकट या शब्दाची त्याला ॲलर्जी होती.

आता आमच्या बिल्डिंगची गोष्ट. बी विंगमधल्या एका नववीतल्या मुलाने बाहेरच्या एका मोठ्या पोराच्या नादाने डिलिव्हरीवाल्याची स्कूटर पळवली आणि खाडीजवळ गटारात घातली. मंडळाने त्याला आईबापाच्या ताब्यात दिलं. बापाने लिहून दिलं: मुलगा माझ्या घरी राहील, शाळेत जाईल, प्रत्येक तारखेला हजर असेल. हे पाळलं नाही तर मुलाची रवानगी निरीक्षणगृहात होऊ शकते, हे त्याला तिथेच बजावलं होतं.

मंडळाने मुलाला घरी सोडलं, पण सोसायटीने सोडलं नाही. आमचे सेक्रेटरी स्वतःच्या गच्चीवरच्या बेकायदा शेडबद्दल दहा वर्षं मौन पाळून आहेत, पण संस्कारांवर त्यांनी रातोरात तीन मेसेज टाकले. मुलगा कधी जातो, कधी येतो, याची नोंद करायला वॉचमनला वही दिली. लिफ्टमध्ये तो शिरला की बायका पर्स दुसऱ्या खांद्यावर घ्यायच्या. यांच्यातले अर्धे लोक पार्किंगच्या जागा चोरतात, पण त्याला यांच्याकडे ॲडजस्टमेंट म्हणतात.

माझं रक्त उकळलं. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं: 'बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरील पंधरा वर्षांच्या मुलावर पाळत ठेवणाऱ्यांना जाहीर सवाल'. दोनशे प्रती. दारादारांत सरकवल्या, कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर ठेवल्या, ट्यूशन क्लासच्या जिन्यातही. मुलाचं नाव लिहिलं नव्हतं. त्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

पुढच्या तारखेला मी व्हरांड्यात होते. बाप आला, फाईल आणखी फुगलेली. मावशीने ती काढून घेतली आणि तिच्यावर बसली.

"पोर कुठं हाय?"

"गावी पाठवलाय, कराडला. मामाकडे. इथे राहणं अशक्य झालं हो मावशी. मी आलोय ना, सही मी करतो."

"स्कूटर तू पळवलीस?"

"तसं नाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलंय, ताप आहे म्हणून. ओळखीचे आहेत."

"पोर घरात ठेवीन म्हणून लिहून दिलंस नि घालवून दिलंस. आता आत काय समजतील? पळालं. परत बोलावतील नि निरीक्षणगृहात ठेवून घेतील. पोराला ठेवतील. तुझी इज्जत जाईल घरी, लिफ्टमधनं."

बापाचा चेहरा उतरला. मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना विचारा का पाठवला ते. बघा, फाईलमध्येच आहे."

मावशी उठली. प्लास्टिकच्या एका खिशात, तबल्याच्या सर्टिफिकेटच्या मागे, माझं पत्रक होतं.

"वाच, बाय," ती म्हणाली.

मी वाचलं. पहिल्याच ओळीत 'तिसऱ्या मजल्यावरील' आलं आणि आवाज आपोआप खाली गेला. क्लासमधल्या पोरांनी म्हणे ती ओळ पाठ केली होती आणि तो आला की एका सुरात म्हणायचे. दोन दिवस त्याने सहन केलं. तिसऱ्या दिवशी दार लावून बसला, आणि बापाने बॅग भरली.

"मी नाव नव्हतं लिहिलं," मी म्हणाले.

"तुझा सेक्रेटरी पण नाव घेत न्हाय. वॉचमनला मजलाच सांगतो."



मावशीने तापाचं सर्टिफिकेट काढून घडी करून कमरेला खोचलं आणि बापाला म्हणाली, "नंबर यायच्या आधी प्रोबेशनच्या बाईला भेट. घाबरलो नि गावी धाडला, असंच सांग. जमंल?"

"आतले रागावतील."

"रागावू दे. तुला लागंल थोडं, पोर वाचंल."

बाप गेला. मग त्याचा नंबर आला, दार बंद झालं. बऱ्याच वेळाने तो कपाळ पुसत बाहेर आला. चांगलंच झापलं होतं. तीन दिवसांची मुदत होती. मुलगा समोर उभा राहिला नाही तर सवलत संपली.

तिसऱ्या दिवशी आईबाप दोघंही आले आणि मध्ये मुलगा, पाठीला शाळेचं दप्तर. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मावशीने त्याला काही विचारलं नाही. बाकावर जागा करून दिली, बापाची फाईल बसायच्या आधीच परत केली. आत तो काय बोलला ते मला माहीत नाही आणि ते मला माहीत असायचं कारणही नाही. तो आईबापांबरोबर घरी गेला, एवढं मी पाहिलं.

माझी सुटका मात्र झाली नाही. "वाटलंस तसं गोळा कर," मावशीने फर्मावलं. मी दारोदार फिरले. जेमतेम साठ प्रती परत मिळाल्या. सेक्रेटरींनी दारातूनच सांगितलं, "आमच्या रेकॉर्डला लावलंय." अशा लोकांच्या हातात मी स्वतः कागद नेऊन दिला होता. मिळालेले कागद मावशीने ठेवून घेतले आणि घरच्या चुलीत घातले. बोंबील बांधायलाही वापरले नाहीत. "बाजारात कोणतरी वाचंल," म्हणाली.

मागच्या डिसेंबरात ती गेली. व्हरांड्यातला बाक आहे तिथेच आहे. बाप फाईल छातीशी धरून त्याच्या कडेला बसतात.

उत्तनला तिच्या मातीला गेले होते. चर्चच्या आवारात सगळं गाव होतं. आमच्या सोसायटीतून कोणी येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या लेखी ती मासेवाली. फक्त बी विंगमधला तो बाप मुलाबरोबर आला होता, फाईलशिवाय, रिकाम्या हातांनी. भिंतीला लागून दहाबारा तरुण पोरं उभी होती, एकमेकांना न ओळखणारी. कुणी कुरिअर कंपनीच्या शर्टात, कुणी कॉलेजची बॅग अडकवून. बापाशेजारचा मुलगा आता बापापेक्षा उंच झाला होता.

लाल लुगड्यातली एक म्हातारी माझ्याजवळ सरकली. "बाय, ही पोरं कुणाची गं? आमच्या गावची न्हाय."

त्यांतल्या पाचजणांना मी ओळखत होते. कोण कुठल्या विंगमधला, कुठल्या मजल्यावरचा, काय केलं होतं, सगळं तोंडपाठ.

"माहीत नाही, आजी," मी म्हणाले.