बॉनेटवरचं ऊन

कमलाक्षीचं माहेर शिरगावचं. तिथं खाणीचे ट्रक दिवसभर धावायचे, आणि आईने अंगणात काहीही वाळत घातलं की संध्याकाळपर्यंत त्यावर तांबडी धूळ बसायची. पापड खिडक्या लावून घरात, पंख्याखाली वाळायचे. म्हणजे वाळायचेच नाहीत. लग्न होऊन ती मोप्याला आली तेव्हा सासरच्या सड्यावरचं, उघड्या कातळमाळावरचं कोरडं, स्वच्छ ऊन बघून हरखली होती. तिचा नवरा सगुण तेव्हा खाणीवर ट्रक चालवायचा. पुढे खाणी बंद पडल्या, सडा विमानतळात गेला आणि घराच्या पश्चिमेला रस्त्याचा उंच बांध उभा राहिला. जेवणं उरकेपर्यंत अंगण सावलीत जायचं. ऊन उरायचं ते फक्त फाटकापाशी, सगुणची टॅक्सी उभी असायची तिथं.

विमानतळावरच्या टॅक्सींच्या रांगेत नंबर मिळायला सगुणला दोन वर्षं लागली होती. सोमवारी गाड्यांची तपासणी होती. एसी चालला नाही तर नंबर जाणार, आणि पुन्हा यादीच्या शेवटी बसायचं. त्या यादीचा शेवट कुणी पाहिला नव्हता.

आणि नेमकी आठ दिवसांपासून गाडीतली हवा मंदावत चालली होती. सगुणला वाटलं, गॅस संपला. शनिवारी म्हापशाला जाऊन त्याने तो भरून घेतला. रविवारी सकाळी बटण फिरवलं तर हवा मुळी येईचना. तो म्हापशाच्या मेकॅनिकला शिव्या घालत राहिला. शेवटी कमलाक्षीनेच मधुकरला फोन लावला. मधुकर सगुणचा खाणीवरचा जोडीदार. आता डिचोलीला घरीच गाड्यांच्या एसीची कामं करायचा.

तो स्कूटरवरून आला, बॉनेट उघडून कान देऊन ऐकलं, एका पाइपाला हात लावला.

"म्हापशेकाराक गाळी घालू नको. पाइप बघ कसो थंडगार आसा. जेवाण तयार आसा रे, वाढपी पडलो आजारी."

"म्हंजे?"

"आतलो पंखो. तो फिरणा नाय."

फ्यूज बघितला, चांगला होता. हॉर्नचा रिले, वीज सोडणारा खटका, काढून पंख्याला लावून बघितला, तरी काही नाही. मग मधुकर डाव्या सीटसमोर उताणा झाला, कागदपत्रांचा कप्पा सोडवला आणि आतून हवेची जाळी ओढून काढली. करपलेल्या भाकरीसारखी काळी, ओली. आंबट वास सुटला. मागची पंख्याची मोटर पांढऱ्या खरपुड्यांनी माखली होती. त्याने बोट लावून जिभेवर टेकवलं.

"सगुणा, गाडी दर्यात घातलंस काय रे?"

"आवशीची शपथ! हरमलच्या रेतीत सुद्धा कधी न्हेलंय नाय."

"मगे ह्या मीठ खयसून इला?"

कमलाक्षी चहा घेऊन उभी होती.

दोन वर्षं, दर एप्रिल-मेमध्ये, सगुण जेवून आडवा झाला की ती बॉनेटवर जुनं लुगडं अंथरायची आणि भिरंडांची, म्हणजे कोकमाच्या फळांची सालं पसरायची. मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. कोंबड्या तिथं चढत नसत, धूळ बसत नसे. सोलं अशी काळीभोर व्हायची की नणंदा मागून न्यायच्या. रस निथळून काचेखालच्या काळ्या जाळीत जायचा. जातो कुठे, हे तिने कधी बघितलं नाही. पत्र्यावर डाग पडत नाही, एवढ्यावरच ती खूश होती.

"दर्याचा नाय ता," ती म्हणाली. "सोलांचा. मी सुकयत होतंय. बॉनेटार."

मधुकर खो खो हसला. "वयनी, सगळ्या गाडयेचीच सोलकढी केलास!" मग सगुणच्या तोंडाकडे बघून पुन्हा मोटरीकडे वळला.

"कदीसून?" सगुणने विचारलं.

"गाडी इली तेवासून."

तो ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "माका वाटला, गाडयेतलो आंबट वास पॅसेंजरांचो," एवढंच म्हणून तो पायरीवर जाऊन बसला.

रविवारी नवी मोटर कुठे मिळणार? मधुकरने चार दुकानदारांना फोन केले. एकाने उचलला, तो म्हणाला, मंगळवारी बघू. मग मधुकरने जुनीच मोटर घासली, तेल सोडलं. ती गुरगुरली आणि फिरली. थांबली. खालून ठोकल्यावर पुन्हा फिरली.

"मी काय सांगू शकणंय नाय," तो हात पुसत म्हणाला. "चलात तितकी चलात. अडली तर कोणीतरी डावीकडे बसून हय ठोका. जोरान नको."

म्हणून सोमवारी सकाळी कमलाक्षी डाव्या सीटवर बसली, हातात उलथनं. एक तळहात तिने हवेच्या झडपेवर धरला होता. घरापासून वळणापर्यंत हवा येत होती.

"येता?" सगुण विचारायचा.

"येता."

विमानतळाच्या फाटकाशी मोटर अडली. तिने वाकून दांड्याने ठोकलं, फिरली. रांगेत सात गाड्या पुढे होत्या. पाच. तीन. गुरगुर बारीक होत गेली आणि बंद पडली. तिने ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"येता ना गो?"

ती वाकून ठोकतच राहिली.

तपासणीचा माणूस खिडकीशी आला. तरुण होता, चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. वाकून ठोकत असलेल्या बाईकडे त्याने क्षणभर पाहिलं, आत हात घालून झडपेपुढे धरला, थोडा थांबला. मग कागदावर फुली मारून मागच्या गाडीकडे गेला.

सगुणने गाडी रांगेबाहेर काढून उन्हात उभी केली. चारही काचा खाली केल्या.

"हात काड आता," तो म्हणाला.

"रवा वायच," कमलाक्षी म्हणाली. "येयत."

आणि तिने पुन्हा ठोकलं.