सुतकातला हात

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर तुरीच्या शेंगा सोलल्या. संक्रांत होऊन गेली होती. वावरातून मी हिरव्या शेंगा आणल्या होत्या, मागच्या दारात गोणपाट टाकून आम्ही सोलत बसलो. तिचे हात माझ्यापेक्षा जलद चालायचे, आणि तोंड हातापेक्षा.

"सव्वीस जानेवारीच्या सभेले आपली समदी भाऊकी येते," ती म्हणाली. "मी घरोघरी जाऊन आली. तुमी फक्त हात वर करजा. बोलू नोका. तुमी बोलले का भांडण होते."

"मी काय भांडखोर हावो?"

"नाही तं काय. आपल्या लग्नात बँडवाल्यासंगं भांडले, अंतरपाटाआडून आयकत होती मी."

वलगावच्या अलीकडे आमचं गाव. पूर्वी अमरावतीला जायचं तर मध्ये नुसती वावरं लागायची, आता शहरच चालत चालत आमच्यापर्यंत आलं. आमच्या गल्लीच्या मागून नाला जातो. नाल्यापलीकडचं वावर एका लेआउटवाल्यानं घेतलं. त्याला नाल्यात पाइप टाकून वरून मुरूम भरायचा होता, म्हणजे नाल्यावरही प्लॉट पडतात. पाइपातून पाणी जाईल, तो म्हणे. नाला उघडा असताना एका सालच्या पावसात पाणी आमच्या चुलीपर्यंत आलं होतं. बुजवल्यावर कुठवर येईल ते सांगायला कोणाची गरज नव्हती. आमची गल्ली सखल, सगळी घरं आमच्या भाऊकीची, भिंती मातीच्या. लेआउटवाल्याला ग्रामसभेचा ना-हरकत ठराव पाहिजे होता. तो अडवायचा तर हातच लागणार होते, आणि ते तिनं जमवले होते.

"आन् मागच्या उंबरठ्यावर दोन थर विटा चढवून ठेवजा," ती म्हणाली.

"सभा जिंकल्यावर विटा कायले?"

"पाणी काय सभेले इचारून येते?"

सोललेले सोले तिनं गंजात, म्हणजे पातेल्यात काढले, वर फडकं टाकलं. उद्या आमटी करते म्हणाली. पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं. ऑटो आणला. मी तिचा पाय धरून बसलो होतो. अमरावतीचे दिवे दिसायला लागले आणि पाय गार झाला. ऑटोवाल्याला मी काही सांगितलं नाही, तो आपला दामटत राहिला.

अकोल्याहून लेक आली. राख सावडून झाल्यावर म्हणाली, "बाबा, अकोल्याले चाला. हे घर तं असंही पाण्यात जाणार हाये."

"सभा होऊ दे," मी म्हटलं. तिच्या लेकरांची शाळा होती. दहाव्याला येते म्हणून गेली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊकीतून भाकर येते. माझी भाकर चुलतभावाच्या घरून यायची. तो माझ्याहून मोठा, भाऊकीत त्याचा शब्द चालतो.

सभा आमच्या गावात कायम मारोतीच्या मंदिरात होते. सावली असते, सतरंजी असते, म्हणून. झेंडावंदन झालं, लोक शाळेतून मंदिराकडे निघाले, आणि आमची भाऊकी पायऱ्यांशी थांबली. सुतक. सगळ्या भाऊकीला दहा दिवस मंदिराची पायरी चढता येत नाही. तिनं जमवलेले सगळे हात तिच्याच सुतकात अडकले. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. लेआउटवाल्याला मारोती नवस न बोलता पावला.

चुलतभाऊ खालूनच म्हणाला, "सभा शाळेत घ्या. आमाले सुतक हाये."

सरपंच बाई आहे, पण बोलतो तिचा नवरा. ती बाजूला पदर सावरून बसली होती. तो म्हणाला, "दादा, तुमच्यावर दुःख पडलं, आमाले समजते. पण नोटिशीत मंदिर लिवलं हाये."

"मंग इथूनच हात वर करतो. दिसतेत का नाही?"

ग्रामसेवक पोरगेलासा होता. "आजोबा, सही करून आत बसले त्यांचेच हात धरतात," म्हणाला.

"सुतक फिटू द्या, मंग घ्या ना सभा," आतून एक जण म्हणाला.

त्याच्या शेजारचा उठला. वरच्या गल्लीचा. "माह्या पोराले प्लॉट भेटून राहिला. दोन खोल्यात किती जणायनं राहावं? पोरीवाले घर पाहूनच वापस जातेत. तुमच्या सुतकापायी पोरगं म्हातारं करू काय?"

लोक हसले. तोही खोटं बोलत नव्हता.

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. मग ग्रामसेवक म्हणाला, विरोधात कोण? मी चपला काढल्या.

चुलतभावानं दंड धरला. "चढू नोको. आपल्या घरचं मेलं हाये."

"माही बायको मेली, दादा. तिनंच तुमाले जमवलं होतं."

मी वर गेलो. सतरंजीवरच्या लोकांनी गुडघे आवरले, माझ्याभोवती जागा रिकामी झाली. ग्रामसेवकानं रजिस्टर सरकवलं, पेन त्यावर ठेवून हात मागे घेतला. मी सही केली आणि हात वर केला.

"विरोधात एक?"

"एकच दिसून राहिला ना तुले?"

"काका, मंदिर बाटवलं तुमी," सरपंचाचा नवरा म्हणाला.

"मारोती काही उठून गेला नाही. तुमीच सरकून राहिले."

मी खाली पाहिलं. एक जण चढला असता तर मागून सगळे आले असते. म्हणून मी हात वरच ठेवला, लिहून झालं तरी ठेवला. चुलतभावानं पाठ फिरवली. त्याच्यामागे सगळ्यांनी फिरवली. ठराव पास झाला.

संध्याकाळी चुलतभाऊ दाराशी आला, आत नाही आला. "गावाले मंदिर धुवा लागलं," म्हणाला. "तेरवीले आपल्यातलं कोणी येईन असं वाटत नाही."

"तिनं काय केलं?"

"तिनं नाही, तुवा केलं."

"दादा, पाणी तुह्याही घरात शिरन."

"शिरू दे. पाणी उतरते. हे उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकर आली नाही. ऊन उंबरठ्यावर येईपर्यंत मी वाट पाहिली. मग गंजावरचं फडकं काढलं. सोले सुरकुतून वाळले होते. त्यात पाणी घालून भिजत ठेवले. कुडाशी जुन्या विटा पडून होत्या, त्या एकेक करून मागच्या दारात आणल्या. मातीचा गारा कालवला आणि उंबरठ्यावर एक थर लावला. कंबर धरली, जरा बसलो. ती दोन थर म्हणाली होती, म्हणून उठून दुसराही लावला.