आक्काच्या बोटांखालच्या तारा

लोणावळ्यात मी मुलांना युकुलेले, म्हणजे चार तारांची छोटी गिटार, शिकवते. माझा कान फार तिखट, आणि त्याचा मला तोराही तेवढाच. त्यामुळे माझी थोरली बहीण, आक्का, "मला बी शिकव, लेकीच्या हळदीत एक गाणं वाजवायचंय. पन तिला आत्ता सांगू नगंस," म्हणाली तेव्हा मी आधी खो खो हसले. मग माझंच एक जुनं युकुलेले तिला दिलं.

तारा मीच निवडल्या. नायलॉनच्या, मऊ, कमी ताणाच्या. आवाज गोड, बोटांना त्रास नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईला आणखी काय हवं! तिला विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तीन महिने ती दर रविवारी कामशेतहून यायची, आणि दर रविवारी बेसूर. तार इतकी करकचून दाबायची की सूर चढायचाच. मऊ तारांचं तसंच असतं. "हलक्या हातानं गं!" मी ओरडायचे.

"हलकं दाबलं तर तार कुटं हाय तेच कळत न्हाई. जरा कडक तारा न्हाईत का गं?"

एकदा विद्यार्थिनींच्या आया समोर बसल्या होत्या आणि मी फटकन बोलले, "दोष तारांवर ढकलू नकोस, आक्का. तुला कानच नाही." तिनं युकुलेले पिशवीत घातलं, आत गेली आणि त्या आयांसाठी पाणी घेऊन आली.

हळदीत ते गाणं मी वाजवलं. "तूच वाजव, उगा माझं हसं नगं," असं आक्काच म्हणाली होती. मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू? सगळ्यांनी वाहवा केली. भाचीनं हळदीच्या हातांनी मिठीच मारली. आक्का मांडवाच्या खांबाला टेकून टाळ्या वाजवत होती.

लग्नानंतर आठवड्यानं तिच्याकडे गेले. तिनं चहाचं उकळतं पातेलं नुसत्या बोटांनी गॅसवरून उतरवलं. मी किंचाळले, "अगं बाई, फडकं घे की!"

ती हसली. "चिक्कीच्या कारखान्यात बावीस वर्सं गरम गूळ थापलाय मी. ह्या बोटांना आता काय बी कळत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेतून येताना त्याच कारखान्याच्या दारात मी तिच्याकडून चिक्कीचा चुरा मागून घ्यायचे. तिचे हात रोज पाहिले होते, आणि वर तिलाच म्हणाले की तुला कान नाही!

दोन दिवसांनी कडक, जास्त ताणाच्या तारा चढवून युकुलेले तिच्यापुढं ठेवलं. खालच्या सुराची तार तर मुद्दाम खरखरीत घेतली होती, धातू गुंडाळलेली. आक्कानं बोट फिरवलं. "हां, ह्या लागत्यात." आणि तिनं अख्खं गाणं वाजवलं. एकही सूर हलला नाही. तयारी तिची केव्हाच झाली होती.

मी रडतरडतच फोन काढला. "थांब, पोरीला व्हिडिओ कॉल लावते. ऐकू दे तिला."

आक्कानं माझ्या हातातला फोन काढून पालथा ठेवला. "नगं. मी शिकत होते हे तिला ठावंच न्हाई. मावशीनं वाजवलं म्हणून लय खूश हाय ती. ऱ्हाऊ दे तसंच."