चेंडू घ्यायला कुणी आलं नाही

माझ्या नवऱ्याचा, काझ वोइतालचा, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्याचे केस मी विंचरते. डोक्यातून घालायचा स्वेटर आमच्या घरात नाही. आणि गावात कुणालाही विचारा, काझ कोण? हसून सांगतील, "तो सत्तावीस धावांवाला." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

सत्तावन्न सालची गोष्ट. आमच्या कार्व्हर फॉल्सची बेसबॉल टीम पगारी होती. पगार कसला, बसभाडं सुटायचं. ग्रेनबीविरुद्धच्या सामन्यात पहिल्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, दुसऱ्याच डावात झोडपलं, म्हणून मॅनेजर रेनफ्रोने काझला पाठवलं. काझलाही झोडपलं. होतं असं. अशा वेळी मॅनेजरने मैदानाच्या मध्यावर चालत यायचं, हात पुढे करायचा, पिचरने चेंडू त्या हातात ठेवून बाकावर जायचं. आपण होऊन निघून जातो तो पळपुटा. काझ हा रिवाज चर्चमधल्या शपथेसारखा पाळायचा.

रेनफ्रो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते, त्यांच्यासाठी चांगले पिचर राखायचे होते. काझचा हात म्हणजे त्याला पायपुसणं. डाव संपल्यावर काझने खांदा दुखतोय म्हणून सांगितलं, तर उत्तर मिळालं, "उद्या दोन मॅच आहेत. टाक." मी वर प्रेक्षकांत बसून बघत होते. चेंडू टाकला की काझ वाकून खांदा धरायचा आणि माझ्या मागचे लोक 'घरी जा, बायको वाट बघतेय' म्हणून खिदळायचे. बायको तिथेच बसली होती. शेवटी मी जाळीपाशी जाऊन रेनफ्रोला ओरडून सांगितलं की माणसाचा हात कामातून चाललाय, उठ. तो तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "बाई, घरी जाऊन सूप ढवळा."

सत्तावीस विरुद्ध दोन. शेवटपर्यंत काझनेच टाकलं आणि नंतर कधीच नाही. तो बेकरीत लागला, डाव्या हाताने भट्टीत पाव सारायला शिकला. त्या दिवसाबद्दल एकदाच बोलला. "यायला हवं होतं त्याने," एवढंच.

ब्याऐंशी साली क्लबचा माणूस दारात आला. 'सत्तावीस धावांची रात्र' साजरी करणार होते म्हणे. हॉट डॉग सत्तावीस सेंटला, रेनफ्रो प्रमुख पाहुणा आणि मानाचा पहिला चेंडू काझने टाकायचा. हात वर जातो का, हे विचारायची शुद्ध कुणाला नव्हती. मी त्याला हाकलतच होते, तेवढ्यात काझ आतून म्हणाला, "येतो." मी रात्रभर त्याच्याशी भांडले. सकाळी त्याने शर्ट इस्त्रीला दिला.

त्या रात्री मैदान खच्चून भरलं होतं. काझच्या हातात चेंडू दिला, भोंग्यावरून त्याच्या नावाने विनोद झाले. तो मध्यावर जाऊन उभा राहिला. टाकेचना. लोक हसले, मग ओरडले, मग गप्प झाले. पंच जवळ गेला. मी मैदानाच्या फाटकातच होते, मला स्वच्छ ऐकू आलं. काझ म्हणाला, "मॅनेजर चेंडू घ्यायला आल्याशिवाय मी जाणार नाही."

सगळ्यांच्या माना रेनफ्रोच्या खुर्चीकडे वळल्या. म्हातारा बराच वेळ ढिम्म बसून होता. मग काठी टेकत निघाला. मला त्याची तसूभरही दया आली नाही. काझसमोर थांबून त्याने हात पुढे केला आणि तेव्हासुद्धा म्हणाला, "दुसऱ्या दिवशी दोन मॅच होत्या, काझ."

"दुसरा दिवस मलाही होता," काझ म्हणाला. त्याने डाव्या हाताने चेंडू त्या तळव्यावर ठेवला आणि मान वर ठेवून माझ्याकडे चालत आला.

मागोमाग रेनफ्रो आला. फाटकाच्या पायरीपाशी अडखळला आणि आधारासाठी त्याने माझ्याकडे हात केला. मी दिला नाही.