एकटीचा वर्ग

लांजेवार सर रिकाम्या वर्गातही हजेरी घ्यायचे. अकरावी सायन्सच्या पटावरची सगळी नावं खणखणीत आवाजात वाचायचे, आणि मुलं मात्र नागपूरच्या क्लासला! सानगडीच्या आमच्या कॉलेजात त्यांचं नुसतं नाव. मला नागपूर झेपणारं नव्हतं, म्हणून मी एकटी पहिल्या बाकावर बसून "हजर, सर" म्हणायची.

"बाकीचे येतीन," सर म्हणायचे. कुठले येतात, कपाळ! मी यायचं थांबवलं तर वर्गाला कुलूप लागणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

व्हेक्टरची बेरीज शिकवायला सरांनी लोखंडी कडीला तीन दोऱ्या बांधून आणल्या. एक त्यांनी ओढली, एक मी. दोन्ही सरळ एका रेषेत ताणल्या गेल्या, तिसरी खाली लोंबत राहिली.

"दोघांत नुसती ओढाताण होते, बेटा. कोन पाडाले तिसरा लागते."

सर दारात जाऊन उभे राहिले. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. शेवटी तिसरी दोरी त्यांनी खिडकीच्या गजाला बांधली. आम्ही दोघांनी दोन दिशांना ओढलं, तशी कडी मधोमध स्थिर झाली. "पाह्य, आपण दोघं ओढून राहिलो, पण गजाले एकच ओढ समजते. तेच आपली बेरीज!" सर केवढे खूश झाले होते.

व्हेक्टरचे घटक पाडताना मी साइन-कॉसची अदलाबदल करायची. कोन उभ्या रेषेपासून दिला असला की हमखास. "काहून घाई करून राहिली? आधी कोन कुठून मोजला ते पाह्य. कोनाले चिकटली ते बाजू कॉसची." मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांना कसली घाई! बायको वारलेली, मुलगा पुण्याला. मी चुकले की त्यांचा चेहरा खुलायचा, खरंच.

बारावीही अशीच एकटीने काढली. मला भंडाऱ्याला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. इकडे सायन्सला कोणी आलंच नाही आणि वर्गाला कुलूप लागलं. मी पेढे घेऊन सरांच्या घरी गेले, तर ते लगबगीने उठले.

"ये, ये. कुठं अडलं? सांग."

"कुठंच नाही, सर. सगळं समजलं," मी ऐटीत म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

"वा, वा," सर म्हणाले. पेढा तसाच हातात. मग हळूच म्हणाले, "मंग आता तू कायले येशीन?"

मला रडूच कोसळलं. "अवं पोरी, मी सहज म्हटलं," म्हणत सर पाणी आणायला आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.