गरब्यातले बूट

डॉक्टर म्हणाले, "मावशी, पायात रक्त नीट पोचत नाहीये. शुगर आवरा, आणि हे बूट घालून रोज चाला. पोटरी धरली की थांबा, सुटली की पुन्हा चाला. अनवाणी मात्र एक पाऊल नाही, घरातसुद्धा." डाव्या अंगठ्याची जखम तेव्हा भरतच नव्हती. अंगठा ठेवायचा की काढायचा, इथवर बोलणी आली होती.

मग काय, चालले! इथे बडोद्यात फतेगंजच्या भर रस्त्यात पोटरी आवळली की तिथेच उभी राहायचे. रिक्षावाले विचारायचे, "बा, बेसवुं छे?" मी म्हणायचे, "ना भाई, चालवुं छे." बसायचं नव्हतं, चालायचंच होतं मला. औषधं चालूच होती. हळूहळू जखम भरली, अंगठा वाचला.

नवरात्र आलं. सून म्हणाली, "आई, यंदा खुर्चीवर बसून बघा हं." का म्हणून? लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हापासून एक गरबा चुकवला नाही मी. अंगठा काय शोभेला वाचवला होता?

सोसायटीच्या गरब्यात सगळे अनवाणी. मी पदर खोचला आणि ते काळे बोजड बूट घालून फेरीत शिरले. शेजारच्या बेन लगेच आडव्या आल्या. "मासी, बूट बहार! माताजीनो गरबो छे."

"माताजीला माझे पाय ठाऊक आहेत," मी त्यांच्याच गुजरातीत सुनावलं. "तळव्याला काही रुतलं तरी मला कळत नाही. बूट निघणार नाहीत."

त्यांनी नाक मुरडलं. मुरडू दे! मी टाळ्या देत फिरले. पोटरी धरली तेव्हा फेरीतच उभी राहिले. लोक वळसा घालून जात होते. कळ गेली, पुन्हा निघाले.

आरतीनंतर बाकावर बसून सवयीने बूट उलटे केले. डाव्या तळात उघडी सेफ्टी पिन घुसलेली, कुणाच्या तरी ओढणीतून पडलेली. बरोबर त्याच अंगठ्याखाली. जाड तळामुळे आत पायापर्यंत पोचली नव्हती; मी ती उपसून काढली. बेन शेजारीच होत्या. "हाय हाय, मासी!" त्या ओरडल्या.

दुसऱ्या दिवशी तीच पिन धुऊन पदराला लावली आणि बूट चढवले.

"आई, आजसुद्धा?" सून म्हणाली.

"आज तर नक्की!"

बेननी आधी पिनेकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि सरकून जागा केली.

"जरा जास्त सरका," मी म्हटलं. "मला मधे थांबावं लागतं."