बोटावरचा कोसा

माझं बोट आता दुखत नाही. कोणी भेटलं की आधी हेच सांगावंसं वाटतं. समोरचा माणूस बिचारा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खिडकीपाशी आलेला असतो, त्याला माझ्या बोटाचं काय कौतुक? तरी परवा एका म्हातारबुवांना मी सांगितलंच. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बरं झालं बाई. पण माहा दाखला?"

मी मोहाडीला तहसील कचेरीत काम करते. दिवसभर मी लोकांवर खेकसते, लोक माझ्यावर खेकसतात, आणि संध्याकाळी घरी येते तेव्हा माझ्या वाटेला कोणी जात नाही. चहा पिऊन अर्धा तास सतार वाजवली की मी माणसात येते. हे माझं मत नाही, नवऱ्याचं आहे. त्याला कुठलंही काम माझ्याकडून हवं असेल तर तो सतार संपायची वाट पाहतो.

सतार माझ्याकडे आली ती नागपूरला कॉलेजात असताना. बी.ए.ला संगीत घेतलं की अभ्यास करावा लागत नाही, असं मैत्रिणींनी सांगितलं होतं. ते साफ खोटं निघालं, पण तोवर सतारीने मला धरलं होतं. लग्न होऊन मोहाडीला आले तेव्हा भांडीकुंडी, कपाट आणि गाद्या यांच्यावर गोधडीत गुंडाळलेली सतार बांधून टेम्पो दारात उभा राहिला. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी भोपळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "एवढा मोठा कोहळा कायले आणला वं?" पुढे त्यांनी वाजवणं ऐकलं आणि त्याला नाव ठेवलं टुणटुण. "झाली का तुही टुणटुण? मंग कुकर लाव."

सतार नुसत्या बोटाने वाजत नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर तारेची नखी चढवावी लागते. पोलादी तार वाकवून केलेली, वर एक टोक आलेलं, आणि खाली दोन वेढे, ते बोटाला घट्ट आवळून बसतात. आवळले नाहीत तर नखी फिरते, नाहीतर तान घेताना उडून कपाटाखाली जाते. नव्या शिकणाऱ्याचं बोट सुजतं, काळंनिळं होतं, मग हळूहळू त्याला घट्टा पडतो आणि दुखणं संपतं. माझंही असंच संपलं होतं. कित्येक वर्षं मला नखी बोटावर आहे हे जाणवतही नव्हतं.

मग त्याच बोटाच्या शेवटच्या पेराला गाठ आली. आधी हरभऱ्याएवढी, मग चांगली दिसण्यासारखी. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं, मी ओरडले, तेव्हा ते म्हणाले की हे वयाचं आहे, सांभाळून राहा. वय तर माझं सगळंच वाढलंय. या एकाच बोटाला ते आधी कळलं कसं? पण डॉक्टरांवर चिडून गाठ जात नाही. नखी चढवली की तिचा खालचा वेढा नेमका गाठीच्या कडेवर यायचा, आणि पहिल्याच झटक्याला कोपरापर्यंत कळ जायची.

मी काय काय करून पाहिलं नाही! नखीचे वेढे सैल केले, तर ती फिरायला लागली. वेढ्यांवर दोरा गुंडाळला, तो घामाने ओला होऊन सरकला. चिकटपट्टी लावली, तर बोटाला गुदमरल्यासारखं झालं. नवऱ्याने सायकलच्या दुकानातून व्हॉल्वची बारीक रबरी नळी आणून तारेवर चढवून दिली. दिसायला झकास होती, पण वेढे जाड झाले आणि गाठ आणखीच चेपली. मग मोबाइलवरून गिटारवाल्यांची प्लास्टिकची नखी मागवली. ती मनगटाएवढं बोट असणाऱ्या कुणासाठी केलेली असावी. ती बसवून तार छेडली, तर सतारीतून बद्द आवाज आला, ओल्या लाकडावर काठी मारल्यासारखा. नवरा म्हणाला, "सोड ना आता. मोबाइलवर ऐकत जा." त्या दिवशी त्याला भाजीत मीठ मिळालं नाही.

शेवटी एक दिवस रागाच्या भरात मी जुनी नखीच पकडीने आवळून बोटावर बसवली. होऊ दे काय व्हायचं ते. थोडा वेळ यमन वाजवला. ओठ चावत, डोळ्यांत पाणी, पण वाजवला. आणि थांबले तर नखी निघेना. बोट सुजून वेढ्यांच्या वर आलं होतं. साबण लावून, खोबरेल तेल लावून नवऱ्याने ती कशीबशी काढली. मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडले. बोटासाठी नाही. आपलं हे संपलं, हे त्या क्षणी मला पटलं, म्हणून.

तशीच उठले आणि बहिणीला फोन लावला. ती भंडाऱ्याला असते, शाळेत संगीत शिकवते, घरी मुलं येतात. एकच सतार आणि शिकणारे भरपूर, असं तिचं रडगाणं मी नेहमी ऐकायची. तिला म्हटलं, "माझी सतार घेऊन जा. नुसती कोपऱ्यात उभी राहून मला खायला उठते." ती म्हणाली, "ताई, तू खरंच देऊन राहिली का?" मी म्हटलं, खरंच. तिने रविवारी गाडी घेऊन येते म्हणून सांगितलं.

सासूबाई दारात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि सोललेला लसूण घेऊन त्या आत गेल्या. मला वाटलं, बरं झालं, यांची टुणटुणीपासून सुटका झाली. पण त्या रात्री नीट जेवल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, भूक नाही.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांचं माहेर मोहाडीजवळच्याच एका गावात, कोसा रेशीम विणणाऱ्यांचं. जंगलातल्या झाडांवरून कोसे यायचे, म्हणजे रानरेशमाच्या किड्यांचे कोश, तपकिरी, लहान अंड्याएवढे. ते उकडून बाया त्यातून तंतू काढायच्या आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळून त्याचं सूत करायच्या. पुरुष मागावर बसायचे. सासूबाईंनी माहेरी हे केलं आणि इथे सासरीही बरीच वर्षं केलं. मग यंत्रं आली, गुडघे गेले, आणि ते बंद पडलं. आता खुंटीला एक पिशवी तेवढी लटकलेली असते, त्यात फुटके कोसे. म्हणजे ज्यातून फुलपाखरू भोक पाडून उडून गेलं ते. मी कितीदा म्हटलं, टाकून देते. "राहू दे तेथंच," एवढंच उत्तर.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीतून आले तर सासूबाई म्हणाल्या, "दाखव तुहं बोट." दाखवलं. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला, अगदी हलका. "हे तार मांसात घुसते म्हणून दुखते. तारेच्या अन् बोटाच्या मधात काही घालावं लागन." मी म्हटलं, आई, सगळं घालून पाहिलं. दोरा, पट्टी, रबर. "कोसा घातला का?" त्यांनी विचारलं.

गॅसवर पातेलं होतं आणि घरभर सोड्याचा वास. त्यांनी सोडा घातलेल्या पाण्यात एक फुटका कोसा चांगला शिजवून ठेवला होता. जन्मभर कोसा हाती आला की आधी तो शिजवायचा, हेच त्यांच्या हातांना ठाऊक. तो मऊ लोकरीसारखा झाला होता. कात्रीने त्याचं गोल टोक कापून त्यांनी माझ्या बोटावर टोपीसारखं बसवलं आणि मी वरून नखी चढवली.

दुखलं नाही! मी दोनदा तार छेडली, तिसऱ्यांदा जोरात छेडली. काहीच नाही. मी इतकी हरखले की सरळ द्रुतलाच हात घातला. सासूबाई दाराला टेकून पाहत होत्या.

आणि मग आवाज गुदमरायला लागला. पाहते तर बोटावरून एक बारीक तंतू सुटून तारांमध्ये चाललेला. शिजवलेला कोसा तो, सुटण्यासाठीच शिजवतात त्याला! मी जितकी वाजवली तितका तो उलगडत गेला, आणि सतारीच्या मुख्य तारांखाली ज्या आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, म्हणजे तरफा, असतात त्यांच्यात जाऊन गुंतला. नखी खाली घरंगळली. सतारीवर कोळ्याने जाळं विणल्यासारखं झालं होतं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या खोकला लागेपर्यंत हसल्या. "अवं, तुह्या वाजवण्यानं तं सूत निघून राहिलं! एवढं चांगलं सूत माह्या मांडीवर नाही निघालं कधी!"

मला हसू आलं नाही. सुईने आणि चिमट्याने तो गुंता काढत बसले आणि मनात म्हटलं, येऊ दे रविवार. एकदाची जाऊ दे ही इथून. आशा दाखवून काढून घेतली की आधीपेक्षा जास्त लागतं. सासूबाईंना मात्र मी काही बोलले नाही, कारण त्या माझ्या शेजारी बसून चष्मा नाकावर घेऊन तंतूचं टोक शोधत होत्या. "आमी लहानपणी कच्चा कोसा बोटात घालत होतो," त्या आपल्याच नादात बोलत होत्या. "पाण्यात भिजवाचा अन् घालाचा. वाघाची नखं म्हणाचो. वाळला का निघतच नव्हता, मायचा मार खाल्ला का निघे."

मी चिमटा खाली ठेवला. "निघत नव्हता म्हणजे? बोटावर घट्ट बसायचा?"

"बसे तं. बोटाच्याच मापाचा होऊन जाय."

"दुखायचं?"

"दुखलं असतं तं घातला असता काहून?"

मी उठून खुंटीवरची पिशवी काढली आणि सगळे कोसे चटईवर ओतले. शोधून शोधून एक लहानसा, पातळ कातडीचा निवडला. सोडा नाही, शिजवणं नाही, नुसत्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी तो थोडा नरमला होता, पण सुटला नव्हता. सासूबाईंनी टोक कापलं, कडा घासून गुळगुळीत केली, एका बाजूला चीर दिली म्हणजे जादा भाग एकावर एक बसेल. मी तो ओलाच बोटावर घातला, गाठीवरून नीट दाबून घेतला आणि वरून दोरा बांधला. शनिवार होता, सुट्टी. तरी वाळेपर्यंत मला एक बोट वर करून बसावं लागलं, शाळेत बाईंना प्रश्न विचारणाऱ्या मुलीसारखं. स्वयंपाक नवऱ्याने केला. वरण करपलं, पण मी तक्रार केली नाही.

दोरा सोडला तेव्हा कोसा कडक झाला होता आणि त्याला आतून माझ्या गाठीचा आकार आला होता. गाठ त्याच्या खळग्यात आरामात बसली होती. पकडीने नखीचे वेढे थोडे उघडले, कोशावर बसवले, आणि तार मात्र पोलादानेच छेडली जात होती, म्हणून आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. मी जपून वाजवलं. कालच्या फजितीने मी शहाणी झाले होते, दर थोड्या वेळाने बोट डोळ्यांजवळ नेऊन तंतू सुटलाय का पाहत होते. नव्हता सुटला. मग पाहायचं सोडून दिलं. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं मला. मी वाजवता वाजवता मोठ्याने हसत होते, आणि नवरा स्वयंपाकघरातून विचारत होता, काय झालं, काय झालं.

रविवारी बहीण आली. हातात मोठी गोधडी, सतार गुंडाळायला. मी तिला काही बोलू दिलं नाही, लगेच वाजवायला घेतलं. ती आधी तोंडाकडे पाहत होती, मग बोटाकडे. "हे काय घातलंस?" मी वाजवतच राहिले. तिने गोधडी उलगडली, घडी पुन्हा नीट घातली आणि तिच्यावर बसली. मुलांच्या सतारीचं काय करणार म्हणून विचारलं तर म्हणाली, "ते पाहून घेईन मी. तुझी सतार घरी नेऊन मला झोप लागली असती का?" जाताना मात्र चार फुटके कोसे पिशवीतून घेऊन गेली. तिच्याकडे एक मुलगी आहे, नखी लावली की रडते म्हणे.

ती गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्हाला तर टुणटुण नको होती ना? मग एवढा खटाटोप कशाला केला?"

त्या कोसे पिशवीत भरत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "माहे हात बंद झाले तवा घरात कोणालेच समजलं नाही. तुमाले वाटलं, बुढीले आराम झाला. मलेच मालूम, मंग दिवस कसा जाय तं." त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "तुहं तसं नको व्हाले."

मी पुन्हा सतार घेतली. सासूबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. वाजवताना माझी नजर त्यांच्याकडे गेली. त्यांचा उजवा तळहात मांडीवर पुढेमागे सरकत होता, हळू, एका लयीत, सूत वळताना सरकतो तसा. त्या दिवशी कुकर लावायची आठवण मला कोणी करून दिली नाही.